रबरी बेडकाच्या पाठीवरचा इशारा

अक्कलकोटात वटवृक्ष मंदिराकडे निघालं की पेढे, हार आणि स्वामींच्या तसबिरींच्या जोडीने खेळण्यांच्या गाड्याही लागतात. गुरुवारी, पौर्णिमेला, शाळांच्या सुट्ट्यांत मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबांचे पाय तिथे हमखास अडतात. दाबलं की चीं करणारं बदक, भिंतीवर मारली की चिकटून बसणारी पाल, बोटाला गुंडाळता येणारा साप. पोरगं हट्टाला पेटलं की बाप खिशात हात घालतो, बदक मुलाच्या हातात येतं आणि पुढच्याच मिनिटाला तोंडात जातं.

या बदकाचा एक सख्खा भाऊ आहे. तो देवळाच्या रस्त्यावर मिळत नाही, ऑनलाइन मागवावा लागतो. तो म्हणजे गळाला लावायचा रबरी बेडूक. मरळ हा गवताळ, शेवाळलेल्या पाण्यात दबा धरून बसणारा शिकारी मासा. पूर्वी त्याच्यासाठी गळाला जिवंत बेडकी लावत. आता हौशी गळवाले हा बनावट बेडूक वापरतात. पोट पोकळ, पाठीला बिलगून बसलेले दोन गळ, मागे रबरी धाग्यांचे झुपके. गवतावरून ओढत आणला तरी तो कुठे अडकत नाही. मरळीने जबडा मिटला की पोट चेपतं, गळ बाहेर येतात आणि मासा फसतो. तुळजापूरच्या बाजूने नळदुर्गावरून खाली येणाऱ्या बोरी नदीवर कुरनूरचं धरण आहे, खाली भीमा आहे, पलीकडे उजनीचा पसारा आहे. गळ टाकून बसणाऱ्याला सोलापूर जिल्ह्यात जागेची वाण नाही, आणि कुरिअर आता अक्कलकोटच्या कोणत्याही गल्लीत येतं.

बेडकाचं पाकीट उलटं केलं तर बारकोडच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत, काही वेळा एक मजकूर दिसतो. पिवळा त्रिकोण, आत उद्गारचिन्ह आणि पुढे इंग्रजीत सूचना. तिचा मतलब असा: या वस्तूतून अमुक रसायनाशी तुमचा संपर्क येऊ शकतो, आणि या रसायनाने कर्करोग होतो, जन्मजात दोष येतात किंवा जननक्षमतेला अपाय होतो असं कॅलिफोर्निया राज्याला माहीत आहे.

कॅलिफोर्नियाला माहीत आहे! मग अक्कलकोटच्या माणसाने काय करायचं? बेडूक टाकून द्यायचा, हात धुवायचे, की हे आपल्यासाठी नव्हेच म्हणून सोडून द्यायचं?

मऊपणा येतो कुठून

बोलण्यात आपण त्याला रबरी म्हणतो, पण बेडूक असो वा बदक, माल बहुतेक वेळा पीव्हीसीचा असतो. नुसतं पीव्हीसी कडक असतं. घराघरांतले सांडपाण्याचे पाइप त्याचेच. त्याला लवचिक करायचं तर त्यात तेलासारखा एक द्रव मुरवावा लागतो. गळाची मऊ आमिषं ओतण्याची रीत अशी: पीव्हीसीची बारीक भुकटी या द्रवात कालवायची, रंग आणि चमकी घालायची, पावणेदोनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवायचं आणि साच्यात ओतायचं. थंड झालं की लुसलुशीत किडा तयार. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन गावी, निक क्रीम या कामगाराने १९४९ मध्ये बायकोच्या मदतीने घरीच असा प्लॅस्टिकचा किडा ओतला आणि एका मोठ्या धंद्याची सुरुवात झाली.

मऊपणा आणणाऱ्या या द्रवांत वर्षानुवर्षं थॅलेट या गटातली रसायनं वापरली गेली. डीईएचपी आणि डीआयएनपी ही त्यांतली दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी. ती पीव्हीसीच्या रेणूंना रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती मुरलेली असतात. त्यामुळे ती हळूहळू बाहेर येत राहतात. जुनं मऊ खेळणं चिकट का लागतं, नव्या मालाला तो विशिष्ट वास का येतो, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर प्रयोगशाळा नको. मऊ आमिषं साध्या कडक प्लॅस्टिकच्या डबीत उन्हाळाभर राहू द्या. डबीचा तळ विरघळल्यासारखा होतो, आमिष त्यात रुतून बसतं, दोन रंगांची आमिषं एकमेकांत मिसळून चिखल होतो. आमिषातलं तेल डबीच्या प्लॅस्टिकमध्ये शिरलेलं असतं. गळवाल्यांना हे इतकं ओळखीचं आहे की मऊ आमिषांसाठी न विरघळणाऱ्या प्लॅस्टिकच्या वेगळ्या डब्या बाजारात आल्या.

जे तेल डबीत शिरतं ते बोटालाही लागतं. किती लागतं आणि त्याने काय होतं, हा खरा प्रश्न. उंदरांवरच्या प्रयोगांत डीईएचपीने नर पिल्लांच्या जननेंद्रियांच्या वाढीत बिघाड होतो, हे पक्कं झालं आहे. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला माणसांत कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्यांच्या यादीत ठेवलं आहे. पण मात्रेला महत्त्व आहे. रविवारी दोन तास गळ टाकणाऱ्या प्रौढाच्या बोटांना लागणारं तेल आणि दिवसभर खेळणं चोखणाऱ्या दहा महिन्यांच्या बाळाच्या पोटात जाणारं तेल, यांचा हिशेब एक नाही. गळवाल्याची अडचण वेगळीच असते. एक हात काठीवर अडकलेला, म्हणून तो आमिषाचं शेपूट दातांनी तोडतो आणि त्याच हाताने भाकरी खातो.

कॅलिफोर्नियाचा खाक्या

पाकिटावरचा मजकूर ज्या कायद्यामुळे छापला जातो तो कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर १९८६ मध्ये जनमताने मंजूर केला. जवळपास ६३ टक्के मतं बाजूने पडली. प्रस्तावाचा क्रमांक ६५, म्हणून कायद्याची ओळखही 'प्रपोझिशन ६५'. त्यात बंदी नाही. राज्य सरकारने कर्करोग किंवा जननदोष घडवणाऱ्या रसायनांची यादी ठेवायची. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या कोणत्याही धंद्याने यादीतल्या रसायनाशी ग्राहकाचा संपर्क आणण्याआधी त्याला स्पष्ट इशारा द्यायचा. संपर्क ठरलेल्या पातळीच्या खाली असेल तर इशाऱ्याची गरज नाही. यादी आता ९०० च्या आसपास गेली आहे. डीईएचपी त्यात १९८८ पासून आहे, डीआयएनपी डिसेंबर २०१३ मध्ये आलं.

या कायद्याचा दात वेगळ्या जागी आहे. इशारा न देणाऱ्या धंद्याला प्रत्येक उल्लंघनासाठी रोज २,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि फिर्याद सरकारनेच करावी असं बंधन नाही. कोणताही नागरिक ६० दिवसांची नोटीस देऊन कोर्टात जाऊ शकतो, आणि दंडातला २५ टक्के वाटा त्याला मिळतो. साहजिकच अशा नोटिसा देणाऱ्या वकिलांचा एक धंदाच उभा राहिला. त्यावर तिथे भरपूर टीकाही होते.

टीकेचा दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. दंड नको म्हणून कंपन्या चाचणी न करताच इशारा चिकटवू लागल्या. वाहनतळावर इशारा, हॉटेलच्या दारात इशारा. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका न्यायाधीशाने कॉफीवरही इशारा हवा असा निकाल दिला, कारण बी भाजताना यादीतलं अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. पुढच्या वर्षी राज्याने नियम करून कॉफीला सूट दिली. सगळीकडेच धोक्याची पाटी लागली की लोक पाटी वाचायचं सोडतात. ऑगस्ट २०१८ पासून इशाऱ्यात किमान एका रसायनाचं नाव घालणं सक्तीचं झालं, पण नाव नसलेल्या आखूड इशाऱ्याची पळवाट उरली. ती बुजवणारा बदल २०२५ च्या आरंभी लागू झाला आणि कंपन्यांना त्यासाठी तीन वर्षांची मुदत मिळाली.

एवढं सगळं असूनही कायद्याने काम केलं, आणि ते वाचकाच्या नजरेआड केलं. इशारा छापण्यापेक्षा रसायन बदललेलं स्वस्त, असं अनेक कारखानदारांना वाटलं. आमिषांच्या पाकिटांवर 'थॅलेटमुक्त' हे शब्द आले, द्रवाच्या जागी दुसरे पर्याय आले. अमेरिकेतल्या सायलेंट स्प्रिंग संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये लोकांच्या रक्त-लघवीच्या तपासणीची जुनी राष्ट्रीय आकडेवारी पडताळली. एखादं रसायन यादीत आलं की पुढे त्याचं शरीरातलं प्रमाण बहुतेक वेळा घटलं होतं, आणि ते कॅलिफोर्नियाच्या बाहेरही घटलं होतं. काही ठिकाणी काढलेल्या रसायनाच्या जागी त्याचंच भावंड येऊन बसलं, हेही त्यांनी नोंदवलं. सांगायचं ते हे की इशाऱ्याचा खरा वाचक गिऱ्हाईक नव्हे, कारखानदार. गिऱ्हाईक वाचतं की नाही याला दुय्यम महत्त्व, कारखानदार घाबरतो की नाही याला पहिलं.

इशारा नाही म्हणजे धोका नाही?

अक्कलकोटच्या गिऱ्हाइकासमोर दोन पाकिटं ठेवा. एकावर पिवळा त्रिकोण, दुसरं साधं पारदर्शक, त्यावर फक्त किंमत. चारचौघांसारखा माणूस दुसरं उचलेल, आणि इथेच फसेल. त्रिकोण छापला गेला तो पहिलं पाकीट अमेरिकेच्या बाजारासाठी तयार झालं म्हणून. दुसऱ्यात तेच तेल असू शकतं, कदाचित जास्तही. ते कोणी तपासलेलं नाही, एवढाच फरक.

आपल्याकडे पाकिटावर काय छापायचं हे २०११ चे वैधमापन नियम सांगतात: बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं नाव, वजन किंवा नग, महिना-वर्ष, कमाल किंमत, तक्रारीचा पत्ता, आयात माल असेल तर देश. आरोग्याचा इशारा या यादीत नाही. शिवाय मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला की कायद्याचं समाधान होतं. मराठी, कन्नड आणि दखनी सहज एका दमात बोलणाऱ्या या तालुक्यात इंग्रजीतली मुंगीएवढी अक्षरं वाचणार कोण?

खेळण्यांची गोष्ट मात्र वेगळी झाली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१० मध्ये बाजारातल्या २४ खेळण्यांची तपासणी जाहीर केली. प्रत्येक नमुन्यात थॅलेट होतं. युरोपने खेळण्यांतल्या थॅलेटवर १९९९ पासूनच बंधनं घातली होती, अमेरिकेने २००८ मध्ये प्रमुख थॅलेटसाठी ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. आपल्याकडे केंद्र सरकारचा खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश २५ फेब्रुवारी २०२० रोजी निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआयचा ठसा सक्तीचा झाला, आणि ज्या मानकावर हा ठसा उभा आहे त्याच्या नवव्या भागात थॅलेटची मर्यादा आहे. ठसा नसलेला माल विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

ही पद्धत कॅलिफोर्नियाच्या उलटी आहे. तिथे सरकार म्हणतं, विष आहे एवढं सांगा आणि विका. इथे सरकार म्हणतं, विष नाही हे आधी दाखवा, मगच विका. लहान मुलांच्या बाबतीत दुसरी पद्धत निःसंशय बरी. दहा महिन्यांचं बाळ इशारा वाचत नाही.

पण ठसा पाकिटावर असतो, आणि जत्रेतलं, देवळाच्या रस्त्यावरचं खेळणं पुष्कळदा पाकिटाविना सुटंच विकलं जातं. गाडीवाल्याकडे माल घाऊक बाजारातून गोणीने येतो. त्याला मानक क्रमांक ठाऊक असण्याचं कारण नाही, आणि दोन लाखांचा दंड त्याच्यावर बसवणं हा न्यायही नव्हे. साखळी धरायची तर घाऊक व्यापाऱ्यापासून आणि कारखान्यापासून धरली पाहिजे.

बेडूक तर या साखळीतच नाही. तो खेळणं नाही, अन्न नाही, औषध नाही. क्रीडासाहित्य म्हणून येतो आणि सगळ्या मानकांच्या फटीतून निसटतो. तरीही घरी आणलेला रंगीत, लुसलुशीत बेडूक पहिल्यांदा कोणाच्या हातात जातो, हे घरात लेकरं असलेल्या कोणालाही विचारा.

शिसं: ज्यावर काहीच लिहिलेलं नाही

खरं सांगायचं तर गळवाल्याच्या पिशवीतली सगळ्यात घातक वस्तू बेडूक नाही. ती आहे शिसं. तंगुसाला वजन म्हणून लावायचे शिशाचे मणी, जाळ्याच्या काठाला ओवलेल्या गोळ्या. मणी तंगुसावर बसवायचा तर तो फटीत धरून चेपावा लागतो, आणि पक्कड जवळ नसली की दात असतातच. जुनं शिसं घरच्या चुलीवर वितळवून वजनं ओतणारेही आहेत. त्या धुरात आणि राखेत घरातली मुलं बसलेली असतात.

शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि गेलेली बुद्धी परत येत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात धोक्याच्या पातळीवर शिसं आहे, आणि त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातली. याला जबाबदार मुख्यतः जुन्या बॅटऱ्या तोडण्याचे उद्योग, भेसळीचे मसाले आणि भांडी. गळाच्या मण्यांचा वाटा त्यात किरकोळ. पण ज्याच्या दाताखाली मणी जातो त्याच्यासाठी तो किरकोळ नसतो. ब्रिटनमध्ये राजहंस शिशाचे मणी गिळून मरू लागले, तेव्हा १९८७ मध्ये बहुतेक आकारांच्या शिशाच्या गळवजनांवर बंदी आली. हंसांसाठी! आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे. मासेमारीच्या शिशावर इशाऱ्याची एक ओळही सक्तीची नाही.

विडीच्या पुड्याने शिकवलेलं

इशारा छापला की काम झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी अक्कलकोटहून सोलापूरच्या रस्त्याला लागावं. वाटेत कुंभारी आहे. तिथे विडी कामगार बायकांच्या १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. विडीच्या पुड्यावर आज भलंमोठं चित्र असतं. तंबाखूच्या पाकिटांवर चित्रांचा इशारा ३१ मे २००९ पासून आला आणि १ एप्रिल २०१६ पासून त्याने दर्शनी भागाची ८५ टक्के जागा घेतली. निरक्षर माणसालाही कळावं म्हणून चित्र, आणि २०१८ पासून तंबाखू सोडवणारा फोन क्रमांकही. आपल्या देशातला हा सगळ्यात ठळक इशारा.

पण तो पुड्यावर आहे. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला तंबाखू तोलून मिळते. तोलून मिळालेल्या मालाला वेष्टन नसतं, आणि इशारा तर वेष्टनावर छापायचा. जो आठवड्याला दोन पुडे ओढतो त्याला सरकार चित्र दाखवतं. जिच्या बोटांतून आणि श्वासातून तीच तंबाखू वर्षानुवर्षं जाते, तिच्यासाठी इशाऱ्याच्या कायद्यात एक ओळ नाही. तिच्यासाठी १९६६ चा विडी कामगार कायदा होता, पण त्याची अंमलबजावणी घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचता पोचता दमायची.

मऊ प्लॅस्टिकचंही असंच आहे. इशारा अमेरिकन गिऱ्हाइकाला. तापलेल्या पीव्हीसीच्या वाफेत उभं राहून साचे भरणाऱ्या कामगाराला नाही, आणि तोच माल इंग्रजी न वाचता उघडणाऱ्या अक्कलकोटकराला तर नाहीच.

मग काय करावं

आपल्याला कॅलिफोर्नियाची नक्कल नको आहे. प्रत्येक वस्तूवर त्रिकोण चिकटवला तर आपलीही नजर बधिर होईल. हवं आहे ते एवढंच. मुलांच्या तोंडात जाणाऱ्या आणि जाऊ शकणाऱ्या प्रत्येक मऊ वस्तूला, मग तिला खेळणं म्हणा वा आमिष, थॅलेटची तीच मर्यादा लागू व्हावी. शिशाच्या गळवजनांची जागा लोखंडाने किंवा इतर धातूंनी घ्यावी, तोवर त्यावर इशारा असावा. आणि जो इशारा छापायचा तो, माल ज्या राज्यात विकायचा तिथल्या भाषेत, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत. हे केंद्राच्या अखत्यारीतलं काम आहे आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही, असलेल्या आदेशांची कक्षा वाढवली तरी पुरे.

तोपर्यंत ग्राहकाच्या हातात अगदीच काही नाही असंही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं ८४ वं कलम सांगतं की वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा न देता विकलेल्या वस्तूने अपाय झाला तर बनवणारा जबाबदार. खेळण्यावर आयएसआयचा ठसा आणि परवाना क्रमांक असेल तर तो 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर खरा आहे का ते तपासता येतं. ठसा नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तक्रार गाडीवाल्याच्या नावाने करू नका. माल कुठून आला ते त्याला विचारा आणि त्या व्यापाऱ्याच्या नावाने करा.

आणि गळ टाकणाऱ्या मित्रांनो, सांगणं साधं आहे. शिशाचा मणी पकडीने चेपा, दाताने नको. आमिष कात्रीने कापा. जेवणाचा डबा उघडण्याआधी हात साबणाने धुवा. फाटलेला बेडूक पाण्यात फेकू नका. कुरनूरच्या धरणातलं पाणी अक्कलकोट पितं.